आधी गोळी, मग चुडा

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून दुकानात बसायला लागले, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. हैदराबादच्या डॉक्टरांनी सांगितलंय, गोळ्यांची रोज नोंद ठेवा. ठेवते. पण गोळ्यांना एक ओळ लागते आणि पान केवढं मोठं. उरलेल्या जागेत मला जे म्हणायचंय ते म्हणणार. तोंडावर म्हटलं की लोकांना लागतं.

पहिलं गिऱ्हाईक समोरच्या गिरणीवाल्याची बायको. पायरी चढायच्या आधीच सुरू. "आगं बया, शोभावैनी! लय तब्येत सुधरली की तुमची! गाल बगा कसे भरलेत!"

सुधरली म्हणे. ही गोळ्यांची सूज आहे बाई. नवीन लिव्हर अंगानं परकं म्हणून हाकलून देऊ नये, त्यासाठी गोळ्या आहेत, त्यानं तोंड फुगतं. एवढं सगळं तिला नीट सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाली, "काय का आसंना, आदीच्या काडीपरीस हे बरं दिसायलंय."

तिला डझनभर हिरव्या हव्या होत्या. हात हातात घेतला, अंगठा तळव्यात दाबला, गाठ चोळून मऊ केली. एवढं सगळं हाताला पाठ आहे. पहिली बांगडी गाठीवर आली आणि माझाच हात थरथरायला लागला. कट्. दुसरी घेतली. तीही कट्. आमच्या धंद्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. दोन वाढल्या. तिच्या हातावर रक्ताचा टिपका आला.

तिसरी घ्यायच्या आत मालक पुढं झाले. तिचा हात माझ्या हातातून काढून घेतला. "सरक जरा, मी बगतो." मी सरकले. काय करणार? ज्यांचं अर्धं लिव्हर माझ्या पोटात आहे, त्यांना नाही कसं म्हणायचं?

बांगड्या भरून झाल्या की बाई भरणाऱ्याला नमस्कार करते. तिनं केला. यांना.

गो. सकाळ-संध्या. वेळेवर.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

काल गल्लीतल्या मंडळानं यांचा सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. मागं बॅनर, त्यावर "पत्नीला काळीज देणारा पती". मी खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर, तोंडाला मास्क लावून. एका भाषणात माझं नाव आलं, तेही चुकीचं.

हैदराबादच्या वॉर्डात किती बायका होत्या. कुणी नवऱ्याला दिलं, कुणी लेकाला, एकीनं तर दिराला. त्यांच्या गावात किती शाली वाटल्या ते मला बघायचंय. त्यातल्या एकीची सासू खाटेजवळ येऊन विचारत होती, "घरचं काम कवापासून करता येईल हिला?" बाईनं दिलं तर ती रीत, आणि पुरुषानं दिलं की बॅनर.

यांना दोष नाही. डॉक्टरांनी कोण देणार विचारलं तेव्हा हेच म्हणाले होते, "माजं जुळतंय तर मीच देणार, इशय संपला." मला माहीत आहे काय दिलंय ते. पोटात घेऊन फिरते. रोज उठून दुसऱ्यानं आठवण करून द्यायची गरज नाही.

घरी आल्यावर मी म्हटलं, "आता पुढच्या वटपौर्णिमेला तुमीच मारा वडाला फेऱ्या." हे पोट धरून हसले, टाक्यावर हात ठेवून. आक्का नाही हसल्या. आक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण. पालमहून एसटीनं येतात, चार दिवस राहतात आणि घराला शिस्त लावून जातात.

गो. वेळेवर.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

डोक्यावरचे केस गळायलेत आणि गालावर उगवायलेत. पार्सल चुकीच्या पत्त्यावर उतरवल्यासारखं. ओठावर कोवळ्या पोरासारखी लव आलीय. रेणू, माझी लेक, म्हणाली, "आई, दोरा फिरवून देते." तिला म्हटलं, आधी डॉक्टरांना विचारू. आता मिशीसाठीसुद्धा हैदराबादला विचारायचं.

पोटावरचा व्रण विळ्यासारखा आडवा गेलाय. परकराची नाडी बरोबर त्याच्यावर येते. खाली सगळं बधिर, आणि नाडीपाशी मात्र जळजळ. म्हणून गाऊन घालते. आक्का म्हणाल्या, "सवाष्ण बाई दिवसभर गाऊनवर बसती व्हय दुकानात?" यांचा व्रण यांनी आतापर्यंत आमच्या निम्म्या पूर्णा गावाला शर्ट वर करून दाखवलाय. लोक हात लावून बघतात. माझ्या व्रणावर गाऊनसुद्धा खुपतो लोकांना.

आणि हात. ऑपरेशनच्या आधी नर्सनं सगळ्या बांगड्या काढायला लावल्या. त्यानंतर एक दिवस सोडला तर काच घातलीच नाही. विचारलं की सांगते, हाताला सूज आहे. खरं ते नाही. दिवाळीत रेणूनं हौसेनं चार-चार भरल्या होत्या. चहाचा कप उचलला तर अशा वाजायला लागल्या की सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. त्याच दिवशी उतरवल्या. आता एकेक घट्ट पितळी कडं.

बांगड्यांच्या दुकानात बसलेल्या बाईचे हात रिकामे. गिऱ्हाईक आधी माझ्या मनगटाकडे बघतं, मग मालक जिवंत आहेत ना म्हणून गल्ल्याकडे बघून घेतं.

गो. वेळेवर.

२३ नोव्हेंबर, रविवार

रेणूचं लग्न ठरलं. वसमतचं स्थळ, मुलगा आयटीआयमध्ये शिकवतो, रेणूला पसंत. फेब्रुवारीत उरकायचं म्हणतात. आनंद झाला. खूप दिवसांनी नुसता आनंद, त्यात दुसरं काही मिसळलेलं नव्हतं. चहा होईपर्यंत टिकला.

चहा पिता पिता आक्का म्हणाल्या, "चुड्याला परभणीची ती बाई सांगून ठिवू. हात चांगलाय तिचा."

मला आधी कळलंच नाही कुणाच्या चुड्याबद्दल बोलतात.

आमच्या घरात नवरीचा चुडा घरची बाई भरते. आक्कांचा सासूबाईंनी भरला. सासूबाईंनीच मला शिकवलं. म्हणायच्या, बांगडीकडे बघायचं नाही, बाईच्या तोंडाकडे बघायचं, तिला बोलतं ठेवायचं, हात आपोआप सैल पडतो. या गावातल्या किती नवऱ्या माझ्यासमोर हात पसरून बसल्या, लाजल्या, रडल्या. आणि माझ्या पोरीला परभणीची बाई!

म्हटलं, "रेणूचा चुडा मीच भरणार."

"हात बग की आदी तुजे," आक्का म्हणाल्या. "वरमाईम्होरं चुडा फुटला तर काय म्हणतील लोक? पोरीला जलमभर आइकावं लागल."

सगळ्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मी ते मांडीखाली घेतले. हे बशीत चहा ओतून फुंकत बसले. आक्कांचं बोलणं मी नेहमी ऐकते, ते जिरवता येतं. यांचं गप्प बसणं जिरेना.

गो. वेळेवर. अजून तरी.

४ डिसेंबर, गुरुवार. हैदराबाद

तपासणी. रात्रभर रेल्वेत, सकाळी रक्त द्यायला रांग. डॉक्टर भला माणूस आहे, पण त्याला वाटतं मी बहिरी आहे. यांना विचारतो, "इनको नींद आती? खाना खाते?" हे उत्तर देतात, "हां साब, सब ठीक है." मी दोघांच्या मधे बसलेली, दोघांच्या डोक्यावरून बोलणं चाललेलं. एसटीत सीटवर ठेवलेल्या पिशवीसारखी.

हातांचं विचारायचं ठरवून आले होते. तोंड उघडलं तर यांनीच हळू आवाजात दाबलं, "आगं ते काय सांगायलीस येवडं. जीव वाचला न्हाई का?"

जीव वाचला ना. हे आता झाकण झालंय. तोंड फुगलं, तर जीव वाचला ना. केस गेले, तर जीव वाचला ना. वाचलेल्या जिवाचं पुढं करायचं काय, ते कुणी विचारत नाही. मला बांगड्या भरायच्या आहेत. एवढं एक येतं मला.

गो. वेळेवर. रिपोर्ट चांगले.

९ डिसेंबर, मंगळवार

आज एक गोष्ट कळली. सकाळी गोळी हातात घेतली तेवढ्यात शेजारच्या गल्लीतली नवीन सून आली, घाईत, माहेरी निघालेली. गोळी तशीच डबीत ठेवली आणि बांगड्या भरायला बसले. सगळ्या सरळ बसल्या. एक वाढली नाही.

मग लक्षात आलं. थरथर गोळी घेतल्यावर चढते. तास-दीड तासानं सगळ्यात जास्त. पुढच्या गोळीची वेळ होत आली की हात पुष्कळ माझ्या ताब्यात असतो.

तसंही आमच्या दुकानात बोहनीच्या, दिवसाच्या पहिल्या विक्रीच्या आधी काही करत नाहीत. उधार नाही, अदलाबदल नाही. सासूबाई तर बोहनी झाल्याशिवाय चहा घेत नसत. त्यात मीही गोळी बोहनीनंतर घेतली तर काय मोठं आकाश कोसळणार आहे.

सून निघताना वाकली. नमस्कार मला होता.

गो. घेतली.

१९ डिसेंबर, शुक्रवार. पालम

येळवस, मार्गशीर्षातली अमावस्या. आक्कांच्या शेतात सगळा गोतावळा. कडब्याची कोप म्हणजे झोपडी, आत पांडव म्हणून चुन्यात बुडवलेले पाच दगड, भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठात आंबील. ज्वारीचं पीठ घालून आंबवलेलं ताक, त्याच्या वासानंच माझ्या तोंडाला पाणी सुटतं. मला चालत नाही. कच्चं नको, आंबलेलं नको, उघड्यावरचं नको. मी मास्क लावून, घरून आणलेला डबा घेऊन बाभळीखाली बसलेले, परक्या जातीच्या पाहुणीसारखी.

आक्का तांब्या घेऊन आल्या. "येक घोटानं काय होतंय? देवाचं हाय."

"नको आक्का."

"गोळ्याच गोळ्या, गोळ्याच गोळ्या. आमच्या येळंला असलं काय नव्हतं."

"देवाला चालतंय आक्का," मी म्हटलं, "पण तुमच्या भावाच्या लिव्हरला चालत न्हाई."

आक्का तांब्या घेऊन माघारी वळल्या. आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मलाही बरं वाटलं. नंतर एकीनं विचारलं, मुद्दाम हळू आवाजात, "वैनी, राग नका मानू, पर लिव्हर तर दारूनं जातंय न्हवं?" तिला सांगितलं की आपलं अंगच आपल्या लिव्हरवर उलटतं, असाही एक आजार असतो. दारूचा वाससुद्धा मला ठाऊक नाही. तिनं "व्हय व्हय" केलं आणि शेजारणीकडे बघितलं.

आक्कांना ते लिव्हरचं बोलले खरं, पण सकाळची गोळी तोपर्यंत पर्समध्येच होती. निघायच्या गडबडीत राहिली, आणि आता रोज उशिरा घ्यायची सवयच झालीय. दुपारी जेवल्यावर घेतली.

१३ जानेवारी, मंगळवार

भोगी. उद्या संक्रांत. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. सकाळपासून बायकांच्या हातांवर हात. दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ, माप न बघता सांगत होते. लाखेच्या, रेशमी, हिरव्या, चमकीच्या. कंबर मोडली, पण हात माझा होता. आज पूर्ण माझा होता. एका म्हातारीच्या आखडलेल्या हातावर अशा अलगद सरकवल्या की ती म्हणाली, "तुज्या सासूचा हात हाय गं तुला."

हे गल्ल्यावरून बघत होते. दुपारी जवळ येऊन म्हणाले, "हात बसला की गं तुजा! आता आक्काला सांगतो, परभणीवाली कॅन्सल."

एवढं खुश बघितलं नव्हतं यांना कितीतरी दिवसांत. मी पुढच्या गिऱ्हाइकाचा हात ओढून घेतला.

गो. घेतली. संध्याकाळची घेतली का, आठवत नाही. बहुतेक घेतली.

२२ जानेवारी, गुरुवार

अंगाला खाज. भूक मेलीय. आठवडाभर ताटाकडे बघवत नाही. लग्नाची दगदग, दुसरं काय.

रेणूनं साडी दाखवायला बोलावलं आणि साडी सोडून माझ्याकडेच बघत बसली. "आई, डोळे पिवळे दिसायलेत तुझे."

म्हटलं, साडीचा रंग पडला असेल. साडी जांभळी होती.

२८ जानेवारी, बुधवार. हैदराबाद

ॲडमिट. रक्त, सोनोग्राफी, पोटात सुई घालून तुकडा काढला. नवीन लिव्हरला अंग नको म्हणायलंय. डॉक्टर म्हणतात वेळेत आलात, आटोक्यात येईल. सलाईनमधून औषध चालू, त्यानं तोंड आणखी फुगणार.

डॉक्टरांनी विचारलं, यांनाच, "दवा टाइम पे ले रहे थे?"

हे "हां साब" म्हणायला लागले आणि माझ्याकडे बघून थांबले.

"नही," मी म्हटलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी उत्तर दिलं. "देर से लेती थी. कभी कभी रह गयी. मै चूडियां पहनाती हूं डॉक्टरसाब. दवा लेने के बाद हाथ हिलता."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. माझा हात हातात घेतला, बोटं पसरून बघितली. "पहले क्यूं नही बोले?"

"पहले पूछा किसने?"

मग डॉक्टर खुर्ची माझ्याकडे वळवून बसले आणि माझ्याशी बोलले. थरथरीवर इलाज होता. मात्रा थोडी कमी करून बघता आली असती, दुसऱ्या प्रकारची गोळी देता आली असती. पण आता नाही. आता लिव्हर शांत होईपर्यंत गोळी वाढवावीच लागणार. म्हणजे फेब्रुवारीभर हात आधीपेक्षा जास्त हलणार.

चुडा फेब्रुवारीत आहे.

राग कुणावर काढू? विचारलं नाही म्हणून डॉक्टरवर, बोलू दिलं नाही म्हणून यांच्यावर, का बोहनीवर? सगळ्यात जास्त माझ्यावरच येतो, आणि तो तर काढूनही संपेना.

हे बाहेर बाकावर बसलेत.

२ फेब्रुवारी, सोमवार. पूर्णा

घरी आलो. येताना रेल्वेत हे खिडकीकडे तोंड करून बसले. नांदेड गेलं, तरी तोंड फिरवलं नाही. घरात पाय ठेवला आणि फुटले.

"माजं पोट फाडून दिलं म्या. आन तू ते बोहनीपायी फेकून द्यायलीवतीस?"

"दिलं ना तुमी? मग ते माझं झालं का न्हाई? का उसनं दिलंय?"

"आगं, मेली आसतीस!"

"मग तवा डॉक्टरपुढं मला बोलू का दिलं न्हाई? सब ठीक है, सब ठीक है! तुमचं ठीक असंल. माझं न्हवतं!"

स्वयंपाकघरातून आक्कांचा आवाज आला, "दत्ता, नको बोलू तिला. गोळ्यांचा राग हाय तो. तिचा न्हाई."

हे मात्र माझ्या डोक्यात गेलं. तोंड गोळ्यांचं, मिशी गोळ्यांची, थरथर गोळ्यांची, आणि लिव्हर यांचं. राग तेवढा माझा राहिला होता, तोही आता गोळ्यांच्या नावावर. मी तिथंच ओरडून सांगितलं, "राग माझा आहे आक्का! त्याला कुणी हात लावायचा न्हाई!"

रेणू रडायला लागली. हे खाली बसले, भिंतीला टेकून. म्हणाले, "मला भ्या वाटायलंय गं. दुसरं काय न्हाई. माज्यापशी आता दुसरं द्यायला काय न्हाई."

मग मलाही रडू आलं. पण जेवले नाही. म्हणजे गोळीपुरतं जेवले.

गो. वेळेवर. हे समोर उभे राहून.

९ फेब्रुवारी, सोमवार

तोंड आता पार गोल झालंय. हनुवटी शोधावी लागते. लग्नाच्या फोटोत मी नको म्हटलं तर रेणू म्हणाली, "मग फोटोवालाच नको." हात असा हलतो की सुईत दोरा जात नाही, वरणाचा चमचा तोंडापर्यंत निम्मा येतो. ही पानंसुद्धा कुणाला वाचता येतील असं वाटत नाही.

आज दुपारी दुकानात कुणी नव्हतं. यांनी शटर निम्मं खाली ओढलं, माझ्यासमोर पाटावर बसले, शर्टाची बाही वर केली आणि हात पुढं केला.

"भर."

"काय?"

"बांगड्या भर. पावण्यांम्होरं फुटण्यापरीस हितं फुटू दे."

मला हसू आलं. म्हटलं, कुणी बघितलं तर? पुरुषाच्या हातात बांगड्या. तेव्हा कुठं यांनी सांगितलं. स्टेशनसमोरच्या चहाच्या टपरीवर ऑपरेशननंतर यांना लोक म्हणत होते, "दत्ताभाऊ, बायकोला काळीज दिलं, आता हातात बांगड्या बी भरून घ्या." सत्काराला टाळ्या वाजवणारेच. इतके महिने यांनी मला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. टपरीवर जाणंच बंद केलं होतं, आणि मी समजत होते डॉक्टरांनी चहा कमी करायला सांगितलाय.

मला एवढा संताप आला की विचारू नये. त्या टपरीवर जाऊन एकेकाच्या हातात भरून यावं वाटलं.

"म्हणले तर म्हणले," हे म्हणाले. "बांगड्यावरच प्वाट भरतंय आपलं. घे."

सगळ्यात मोठं माप काढलं, दोन-बारा. यांचा पंजा म्हणजे फावडं. पेट्या उचलून गाठी दगडासारख्या. पहिली वाढली. दुसरी वाढली. तिसरी लागली, रक्त आलं. हात मागं घेतला नाही यांनी. "अधांतरी नको धरू," म्हणाले. "कोपर माज्या गुडघ्यावर टेक. आन माज्या तोंडाकडं बग." सासूबाईंचंच वाक्य, आईचं. मी बघितलं. कल्ले पांढरे झालेत यांचे. कधी झाले?

चौथी गेली. पाचवी वाढली. सहावी, सातवी गेली.

तेवढ्यात शटरखालून वाकून आक्का आत आल्या, जेवायला बोलवायला. "आरं दत्ता! काय रे हे! लाज न्हाई व्हय तुला?"

यांनी हात वर करून हलवला. बांगड्या वाजल्या. "बग आक्का, बसल्या का न्हाई? तीन बसल्या."

आक्का उभ्याच होत्या. मग पायरीवर बसल्या आणि जमिनीवरच्या काचा पदरात गोळा करायला लागल्या, कुणाच्या पायात जाऊ नये म्हणून. म्हणाल्या, "परभणीवालीला सांगून झालंय. ती येणारच." शेवटची काच उचलून म्हणाल्या, "आल्यावर बगू."

गो. वेळेवर.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चुड्याचा दिवस. वसमतच्या बायका सकाळीच आल्यात. मांडवात सतरंजी, पाट, हिरव्या चुड्याचं ताट, सगळं मी काल मांडून ठेवलंय. रेणूचं माप दोन-चार. एकेक बांगडी नखानं वाजवून, चीर नाही ना बघून घेतलेली.

गोळीची वेळ आणि चुड्याची वेळ लागून आलीय. रेणू म्हणाली, "आई, चुडा संध्याकाळी करू." वसमतकरांना दुपारच्या गाडीनं परत जायचंय, त्यांना थांबवून काय सांगणार? आणि गोळी मागं सारायचा विषय संपलाय. डबी उघडली, घेतली, वर पाणी प्याले. हे दारात उभे होते, मी त्यांना जीभ काढून दाखवली. हसले.

म्हणजे मी पाटावर बसेन तेव्हाच थरथर सगळ्यात जास्त असणार.

परभणीची बाई आलीय. पेटी मांडून मांडवात बसलीय. माझ्यापेक्षा लहान, साधी, हसरी. मला म्हणाली, "तुमी निवांत बसा वैनी, मी हाय ना." तिची काही चूक नाही. तरी ते "निवांत" ऐकून माझ्या अंगाची आग झाली.

वरच्या खोलीत येऊन साडी नेसले. परकराची नाडी व्रणाच्या वर बांधली, छातीखाली, कशी दिसते ते दिसू दे. कुंकू मोठं लावलं, आता कपाळही मोठं आहे. मग पितळी कडी काढली आणि स्वतःच्याच हातात हिरव्या भरायला बसले, ऑपरेशननंतर पहिल्यांदा. थरथर चढायला लागलेली. काही वाढल्या, काही बसल्या. दोन्ही हात भरले. किती बसल्या, किती वाढल्या, ते मोजलंही नाही.

हे लिहिताना सारख्या वाजायल्यात. पेन थांबवलं तरी वाजतात. हात मांडीवर ठेवला तरी वाजतात. लपवायचं काही राहिलं नाही.

आत्ता जिन्यातून रेणूची हाक आली. "आई, सगळ्या बसल्यात. दोन पाट मांडलेत. मी कुणासमोर बसू?"

मांडवातला गलबला थांबलाय. सगळ्या माझ्या उत्तराची वाट बघत असतील, आक्कासुद्धा. माझ्या बांगड्या वाजायल्यात आणि खाली ऐकू जात असणार. उठते, माझ्या पाटावर बसायला.